नऊ काड्यांचा गठ्ठा

दिवाळीला गावी गेले होते तेव्हा माळ्यावरून एक डबा उतरवून पुण्याला घेऊन आले. बिस्किटांचा जुना पत्र्याचा चौकोनी डबा. झाकणावरचं चित्र कधीच झिजून गेलंय, एका बाईचा कान आणि कानातला झुबा एवढंच काय ते उरलंय. हे झाकण एका कोपऱ्यात बुक्की मारल्याशिवाय बसत नाही, आणि ती बुक्की नेमकी कुठे मारायची हे आमच्या घरात फक्त अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माहीत होतं. आत काड्या. खराट्याच्या, वीत वीत लांबीच्या, टोकं विळीवर सारखी केलेल्या. दहा-दहाचे गठ्ठे करून सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रिंगांनी बांधलेल्या. एक-दोन ठिकाणी रिंग वाळून तुटली असावी, तिथे लाल दोरा. बाजूला काही सुट्ट्या काड्या, आणि तळाशी मूठभर चिंचोके, अर्धे फोडून एक बाजू पांढरी ठेवलेले, फासे टाकायला म्हणून. डबा उघडला की अजूनही खडूचा वास येतो. त्यात खडू एकही नाही.

लेक दुसरीत आहे. सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात रात्री साडेआठला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ पडली. वजाबाकीची सहा पानं, उद्या फाइलला लावून आणायची. प्रिंट काढायला खाली दुकानापर्यंत जाऊन आले. पानांवर निळ्या कांड्या छापलेल्या होत्या, एक कांडी म्हणजे दहा, आणि शेजारी सुटे निळे चौकोन. ४२ वजा १७. चार कांड्या, दोन चौकोन. आता दोनातून सात जात नाहीत, तर एक कांडी फोडायची. पण कागदावर छापलेली कांडी फुटणार कशी? पोरीने पेन्सिलीने तिच्यावर फुली मारली, शेजारी दहा चौकोन काढायला घेतले, जागा पुरली नाही, काढले ते वाकडे आले, खोडले, कागद फाटला. मग मला डबा आठवला. मीच म्हटलं, थांब, तुला आबांच्या काड्या देते. अण्णा म्हणजे तिचे आबा.

तिने चार गठ्ठे घेतले, दोन सुट्ट्या काड्या घेतल्या. एका गठ्ठ्याचा दोरा सरकवून काढला, काड्या फरशीवर पसरल्या, सात बाजूला केल्या, एक गठ्ठा उचलून ठेवला आणि म्हणाली, चोवीस. मी कणीक मळत होते. म्हटलं, पंचवीस, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं. चोवीस. मी म्हटलं, नीट मोज. चोवीसच. मग मी ओट्यापासून तशीच ओरडले, एवढं साधं कसं येत नाही गं तुला, हातचे गठ्ठे आहेत समोर तरी! ती रडली नाही. आई, मी बरोबरच केलंय, म्हणाली आणि त्या काड्यांकडे बघत बसली. पिठाच्या हातांनी मी तिच्यासमोर जाऊन बसले, पुन्हा गठ्ठा करायला घेतला. एक, दोन, तीन. नऊ.

गठ्ठ्यात नऊच काड्या होत्या.

मी फरशी बघितली, सोफ्याखाली बघितलं, तिला उठवून तिच्याखाली बघितलं. कुठेही काडी पडलेली नव्हती. तिची वजाबाकी अचूक होती, चुकीच्या गठ्ठ्याची अचूक वजाबाकी. तिला जवळ घेतलं, चुकले म्हटलं, रात्री शिरा करून दिला. ती विसरलीसुद्धा. मी मात्र दोन आठवडे तो आवाज ऐकतेय, माझाच, ओट्याकडून आलेला, आणि तो माझा नाही हेही मला कळतंय.

कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका वाडीवर अण्णा द्विशिक्षकी शाळेत होते. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, आणि दुसरे गुरुजी रजेवर असले की सगळं गाव एका खोलीत. मी त्यांच्याच वर्गात शिकले. घरातून निघताना ते अण्णा असायचे, ओढा ओलांडला की गुरुजी. वर्गात चुकून 'अण्णा' म्हटलं तर पोरं आठवडाभर चिडवायची. त्या शाळेत गणित शिकवायचं साहित्य म्हणजे काय होतं? फळा, त्यावरचा लाकडी कोनमापक ज्याचं हँडल निखळलेलं, उजळणीची पिवळ्या कव्हरची पुस्तकं, पाट्या आणि हा डबा. काड्या आम्हीच गोळा करायचो. गुरुवारच्या बाजारातून खराटा आणला की त्यातला अर्धा झाडायला आणि अर्धा शिकायला. रिंगांसाठी सायकलवाल्याकडून फाटक्या ट्यूबा मागून आणायच्या आणि शनिवारी शाळा सुटल्यावर अण्णा कात्रीने त्यांच्या रिंगा पाडत बसायचे. बोटांना काळा रंग आणि रबराचा वास रविवारपर्यंत राहायचा.

मी तिसरीत असताना शाळेत गणिताची पेटी आली. १९८७ साली निघालेल्या खडू-फळा योजनेतली, आमच्या वाडीपर्यंत यायला तिला तेवढा वेळ लागला असावा. काय देखणी पेटी होती! आत गुळगुळीत लाकडी ठोकळे, रंगीत आकार, प्रत्येकाला आपापली खोबण. अण्णांनी ती आम्हाला रांगेने दाखवली, एकेकाला एकेक ठोकळा हातात घेऊ दिला, सगळे परत मोजून घेतले आणि पेटी लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. ती डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या नोंदवहीत, चढली होती. एक ठोकळा हरवला तर पगारातून कापून घेतील, ही भीती खरी होती की त्यांच्या मनातली, मला ठाऊक नाही. पण पेटी बाहेर निघायची ती साहेब तपासणीला येणार असले तरच. साहेब गेले की पुन्हा काड्या. अण्णांसारख्या माणसानेही ती कपाटात कोंडली याचा मला मोठेपणी राग आला. आता माझ्या लेकीच्या शाळेत असले ठोकळे काचेच्या कपाटात मांडलेले दिसतात, पालकसभेला गेलं की तेवढेच नजरेत भरतात, आणि घरी मात्र त्यांची छापील चित्रं येतात. तेव्हा त्या लोखंडी कपाटाबद्दल फार बोलू नये असं वाटतं.

काड्यांचं तसं नव्हतं. हरवली तर दुसरी. मोडली तर मोडली, पाव आणि अर्धा शिकवायच्या कामाला आली. आणि गठ्ठा सोडता यायचा, ही त्यातली मोठी गोष्ट. हातचा घेणे म्हणजे काय हे मला अक्षरशः हातात कळलं: रिंग सरकवायची, दहा काड्या हातात मोकळ्या होतात, त्या सुट्ट्यांत मिसळायच्या. बेरीज असेल तर उलट, दहा झाल्या की बांधायच्या आणि दशकांच्या घरात नेऊन ठेवायच्या. रिंग बांधताना ती बोटावर फट्कन बसायची. फळ्यावर आकड्याच्या डोक्यावर लिहिलेला तो बारीकसा एक बघितला की मला अजून बोटावर रिंग बसल्यासारखं होतं.

पण अण्णांचं सगळंच असं गोड नव्हतं, आणि मी गणितात ढ होते. गुरुजींची पोर आणि ढ. दुसरीत त्यांनी सत्तावन्न लिहायला सांगितले आणि मी पाटीवर ७५ लिहिलं. सात आधी ऐकू आला, म्हणून सात आधी लिहिला. माझ्या शेजारच्या पोराने पण तेच लिहिलं होतं. त्याला अण्णांनी जवळ बसवलं, पाच गठ्ठे आणि सात काड्या मांडून दाखवल्या, एकदा नाही तीनदा. मला हातावर फूटपट्टी मिळाली. एवढं साधं कसं येत नाही तुला, म्हणाले. घरी रोज शिकवतो तरी. आता विचार केला तर घरी ते रोज काही शिकवत नव्हते, घरी ते थकलेले असायचे. पण वर्गातल्या तेवीस पोरांना ते शिकवत होते म्हणजे मलाही आपोआप येत असणार, असा त्यांचा हिशोब. मास्तरांच्या पोरांना विचारून बघा, हा हिशोब बहुतेकांच्या घरात सापडेल.

म्हणून २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून गदारोळ झाला तेव्हा मी मनातून थोडी सुखावले होते. 'वीस एक', 'सत्तर दोन' असंही वाचायचं, म्हणजे बोलताना आणि लिहिताना आकड्यांचा क्रम एकच राहील आणि जोडाक्षरांशीही झटापट नको. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे हे सांगत होत्या आणि टीव्हीवर लोक मराठी बुडाली म्हणून ओरडत होते. विधानसभेत तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या फडणवीसांच्या आडनावावर कोट्या झाल्या. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर 'साडेसाती' आता कशी म्हणायची इथपासून सुरुवात. जर्मनीत नोकरी करणाऱ्या चुलतभावाने तेवढं एक कामाचं लिहिलं: इथेही सत्तावन्नला 'सात आणि पन्नास' म्हणतात, इथली पोरंही सुरुवातीला उलटं लिहितात, काळजी नसावी. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अण्णा तेव्हा निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, काड्या तर पहिल्यापासून 'वीस एक' असंच म्हणतात, दोन गठ्ठे आणि एक काडी. मीही पोरांना आधी तसंच वाचायला लावायचो, दोन दशक एक, मग एकवीस. मग थोडं थांबून म्हणाले, पण एकोणतीस जायला नको होता. का, असं विचारलं. तर पाढा म्हणायला लागले. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे. हा पाढा कुणी पाठ करतं का? तीसचा येतो ना? तीस चोक एकशे वीस, त्यातून चार काढ. नावातच सांगितलंय, एक ऊन तीस, तिसाला एक कमी. 'वीस नऊ' म्हटलं की ही वाट बुजली. मला गंमत वाटली, कारण ही वाट त्यांनी मला कधीच दाखवली नव्हती. मी एकोणतीसचा पाढा घोकून पाठ केला होता, सोळोदरसे म्हणजे एकशे सोळा हेदेखील मला हायस्कुलात गेल्यावर कळलं. आणि हे सगळं ऐकल्यावर मी जाणून बुजून विचारलं, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत? ते हसले. म्हणाले, एक काडी कमी असली तरी शंभराचा मान त्याला आधीच कशाला द्या.

त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, औटकी येत होती. औट म्हणजे साडेतीन. सात औट किती, तर साडेचोवीस, विचारायचा अवकाश. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सगळं त्यांच्या जिभेवर होतं आणि त्यांनी शाळा तिसरीनंतर बघितली नव्हती. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-अच्छेराचा बाजार, त्याला हेच लागायचं. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, मागोमाग किलो-ग्राम आले आणि ते सगळे पाढे एका पिढीत निकामी झाले. अण्णा शिकवायला लागले तोवर उजळणीत त्यांची पानं होती, पण कुणी म्हणून घेत नव्हतं. आजोबा ओट्यावर बसून ती पानं आम्हाला म्हणून दाखवायचे आणि आम्ही खिदळायचो. औटकी! नावच तसलं.

अण्णांच्या गृहपाठातला एकच मला मनापासून आवडला होता. चौथीच्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी वही भरून काही दिलं नाही. म्हणाले, कुठलीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकच नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान, वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. सुट्टीभर करा आणि शेवटी काय होतं ते मला येऊन सांगा. मी शेणाने सारवलेल्या अंगणात खडूने मांडलं. ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. पुढे ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. पुन्हा तेच. मला वाटलं मी चुकले. दुसरी संख्या घेतली, तिसरी घेतली. संध्याकाळी आई धारा काढून आली तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या वाडीतला पोरगा धावत आला, त्याचेही ६१७४. शाळा उघडली तेव्हा अण्णांनी सांगितलं, हे नाशिकजवळच्या देवळालीच्या एका शाळामास्तरांनी शोधून काढलंय, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्यांचं नाव, जगभरात या आकड्याला त्यांचं नाव दिलंय. 'शाळामास्तरांनी' हा शब्द त्यांनी जरा रेंगाळत उच्चारला होता. त्या महिन्याभरात मी वजाबाकी जेवढी केली तेवढी पुढे जन्मात केली नाही, आणि हातचा चुकला नाही. फूटपट्टीचं आणि त्या अंगणाचं एकमेकांशी कसं जुळवायचं, हे मला अजून जमलेलं नाही. दोन्ही एकाच माणसाकडून आलेलं.

तर तो नऊचा गठ्ठा.

पहिले काही दिवस मी त्याची एक छान गोष्ट रचली होती. अण्णांनी तो मुद्दाम केला असणार. तीन गठ्ठे मांडायचे, त्यातला एक हा, आणि विचारायचं किती? पोरं म्हणणार तीस. सोडा आणि मोजा. एकोणतीस. एक ऊन तीस, हातात दाखवलेला. शिवाय ओळखायची खूण म्हणून बाकीच्यांना रबर आणि ह्याला लाल दोरा. किती चपखल बसत होतं! ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला स्वतःला मात्र एवढंच आठवत राहिलं की मी चार वर्षं त्या गठ्ठ्यांनी शिकले आणि एकदाही एखादा गठ्ठा मोजून बघितला नाही. गुरुजींनी बांधलाय म्हणजे दहा.

आईला फोन केला. ती म्हणाली, 'अगं कसलं मुद्दाम, स्टोची पिन मोडली होती तवा मीच घेतली असंल येक काडी. न्हाईतर तुझ्या भावानं कान कोरायला.' मग लाल दोरा? 'त्यो माझ्या शिलाईचा. रिटायर झाल्यावर रिंगा तुटाय लागल्या की बसायचे बांधत. कोण पोरं येत्यात आता शिकायला, म्हटलं, तर म्हणायचे असू दे.' हे तिने भाजी चिरता चिरता सांगितलं असावं, मागे सुरीचा आवाज येत होता. पुढे म्हणाली, 'मोतीबिंदू झाला हुता की तवा. आपरेशन किती लांबवलं त्यांनी.'

त्या रात्री लेक झोपल्यावर मी सगळा डबा चादरीवर ओतला. गठ्ठे दहा होते. एकेक सोडला, मोजला, परत बांधला. रबराच्या दोन रिंगा हातातच तुटल्या, त्यांच्या जागी केसांचे रबर लावले. दहा, दहा, दहा. आठ गठ्ठे बरोबर भरले. लाल दोऱ्याचे दोन होते. एक नऊचा, तो मला माहीत होता. दुसरा मोजला आणि पुन्हा मोजला.

अकरा.

म्हणजे दहा गठ्ठ्यांच्या काड्या शंभरच्या शंभर. स्टोमध्ये गेली नव्हती, कानातही नाही. कधीतरी दुपारी ओसरीवर बसून, डोळ्यांसमोर पांढरट धुकं असताना, त्यांनी बोटांनी चाचपत वीस काड्या दोन वाटण्यांत मोजल्या होत्या आणि एक इकडची तिकडे गेली होती. गाठी मात्र पक्क्या, सुतारासारख्या. माझी एकोणतीसची गोष्ट त्या चादरीवरच संपली. मैत्रिणीला मी अजून हे सांगितलेलं नाही.

अकरामधली एक काडी काढून मी बराच वेळ हातात धरून बसले होते. तिचं टोक विळीवर जरा तिरकं कापलं गेलं होतं. नऊचा गठ्ठा शेजारीच होता, दोरा सैल करायचा आणि सरकवायची, एवढंच काम. सकाळी पोरीला पुन्हा वजाबाक्या होत्या, या वेळी तीन पानं. शेवटी ती काडी मी होती तिथेच, अकरामध्ये परत घातली. गठ्ठे डब्यात रचले, वर चिंचोके टाकले आणि झाकण ठेवलं. ते बुक्की मारल्याशिवाय बसत नाही, आणि लेक झोपली होती, म्हणून तसंच ठेवलं.